घशातलं धुकं

६ फेब्रुवारी

टिल्लू,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही हे लक्षात आलंच असेल. ते आता कमवावं लागेल तुला.

फोनवर ब्लॉक, चॅटवर ब्लॉक, गेममध्येही ब्लॉक. शाब्बास! पण पोस्टमनला कसा ब्लॉक करणार आहेस? तुझ्या खोलीचा पत्ता बाबांकडे आहे. आणि पाकीट फाडून फेकायच्या आधी तू वाचणारच, हेही मला माहीत आहे. लहानपणापासून दुसऱ्याचं वाचायची खोड तुला, हे तर चक्क तुझ्याच नावाचं आहे.

तर ऐक. मी फसवलेलं नाही.

हे एकदाच लिहितेय. शपथा घालत बसणार नाही, कुणाच्या पाया पडणार नाही. चार वर्षं आपण गेममधली ती होडी एकत्र चालवली. तू कप्तान, मी सुकाणूवर, इंजिनवाला इंजिनावर, टेहळ्या पुढे नाकावर बसून काय येतंय ते ओरडणारा. त्या दोघांची खरी नावंसुद्धा मला माहीत नाहीत, त्यामुळे त्यांना माझ्याबद्दल काय वाटतं ते गेलं उडत. पण तू? तू माझ्या मांडीवर बसून माऊस धरायला शिकलास रे.

उपांत्य शर्यत जिंकलो. दुसऱ्या दिवशी गेमच्या राखणदाराने, म्हणजे त्या लबाड खेळाडू पकडणाऱ्या प्रोग्रामने, मला बाहेर फेकलं. 'अनधिकृत सॉफ्टवेअर आढळले.' मी अजून ते नीट वाचत होते, तेवढ्यात तू सगळ्या प्रेक्षकांसमोर लिहून मोकळा: "बहीण असली म्हणून काय झालं, लबाडी ती लबाडी." खाली टाळ्यांचा पाऊस. बरं वाटलं असेल ना? न्यायाधीश झाल्यासारखं?

त्या राखणदाराला माझ्याकडे काय सापडलं ते तुला पक्कं ठाऊक आहे. दुभाष्या. माझ्या मशीनवर लिनक्स आहे, गेम विंडोजसाठी केलेला आहे, म्हणून मध्ये एक प्रोग्राम बसतो. गेम त्याच्या भाषेत काही मागतो, हा ते लिनक्सच्या भाषेत सांगतो आणि उत्तर परत आणून देतो. एवढंच त्याचं काम. चार वर्षं तो तिथेच बसलेला होता. मागच्या महिन्यात राखणदाराला नवं अपडेट मिळालं आणि त्याला अचानक दुभाष्याच्या जागी चोर दिसायला लागला. यात माझी लबाडी कुठे आली?

चुकलो म्हण. त्याच ठिकाणी, त्याच लोकांसमोर. तोवर माझ्याकडून एक अक्षर नरमाईचं मिळणार नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

टिल्लू,

पत्राला उत्तर द्यायची हिंमत नाही म्हणून बाबांना फोन करून निरोप देतोस होय? बरं. बाबांनी निरोप दिला. दोनदा दिला, कारण पहिल्यांदा मी मिक्सर चालू केला होता.

म्हणजे तुझं म्हणणं असं: कंपनीने माफीची खिडकी उघडली आहे. अंतिम शर्यतीच्या आत तिथे जाऊन 'मी अनधिकृत सॉफ्टवेअर वापरून फायदा घेतला, हे मला मान्य आहे' यावर टिचकी मारायची. मग पुढच्या हंगामात परत घेतील. नाही मारली तर खातं कायमचं बंद. आणि वर तू मला नवं मशीन पाठवणार, विंडोज घातलेलं. केवढं मोठं मन तुझं!

नको. मशीन नको आणि टिचकी तर त्याहून नको.

फायदा घेतला म्हणे. या मशीनची जन्मकथा विसरलास का? आमच्या दातांच्या लॅबमध्ये मालकीणबाईंनी ते कोपऱ्यात टाकलं होतं. नवं विंडोज त्याला झेपत नव्हतं आणि त्यावर प्लास्टरची पिशवी ठेवायला ते बरं पडायचं. मी ते विचारून घरी आणलं, ब्रशने त्याच्या पोटातली पांढरी पूड काढली, लिनक्स टाकलं आणि उभं केलं. तू तेव्हा शेजारी बसून म्हणाला होतास, "ताई, हे मेलेलं आहे गं." आणि ते सुरू झालं तेव्हा पहिली उडी तूच मारलीस. दिवसभर मी लोकांचे खोटे दात करते, टिल्लू. मेणात कोरायचे, हिरड्या लावायच्या, घासून गुळगुळीत करायचे. घरी आल्यावर तरी काहीतरी खरं हवं असतं मला. ते मशीन माझं आहे, त्याच्यातली प्रत्येक गोष्ट मी बसवली आहे, आणि कुठल्या कंपनीला ते आवडत नाही म्हणून मी ते परत प्लास्टरच्या पिशवीखाली ठेवणार नाही.

आता बाबांचं. तू त्यांना मध्ये घातलंस याचा मला जास्त राग आलाय. तुला माहीत आहे ते कसे आहेत. सगळी नोकरी तिकीट तपासण्यात गेली. त्यांचा एकच नियम: पकडला गेलास ना, आधी दंड भर, मग काय ते बोल. काल जेवताना म्हणाले, "मार ना ती टिचकी. काय जातंय? पोरगा घरी तरी येईल."

मी म्हटलं, "बाबा, मी तिकीट काढलं होतं."

ते म्हणाले, "सगळेच तसं म्हणतात गं."

ताट उचलून मी आत गेले. नळ सोडून उगाच भांडी घासत राहिले, घासलेलीच. बाबांनी मला आजवर खोटारडी म्हटलं नव्हतं, टिल्लू. कालही तसा शब्द त्यांनी वापरला नाही, पण माझ्या मनाला तो लागला. दात उपटताना भूल देतात तेवढी तरी द्यायचीस.

ताई

२ मार्च

टिल्लू,

अखेर स्वतःच्या हाताने पत्र लिहिलंस. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीने पाय पुसल्यासारखं. सोबत बाबांच्या फोनवर ते चित्रण पाठवलंस, वर 'पुरावा' असं नाव देऊन. बघितलं मी. बाबांनीही बघितलं, चष्मा पुसून पुसून.

तुझा पुरावा असा: घसा नावाची ती अरुंद खिंड, दोन्हीकडे खडक, आत दाट धुकं. जगातला प्रत्येक सुकाणी तिथे वेग कमी करतो. मी करत नाही. एकदाही नाही. तू सगळ्या शर्यतींमधले तेवढेच तुकडे कापून एकाला एक जोडलेस. आणि खाली लिहिलंस, "धुक्यातून आरपार दिसायला लावणारं काहीतरी तू वापरतेस. नाहीतर हे शक्यच नाही. एवढंच सांग, तुला तिथे काय दिसतं?"

आग लागली डोक्याला. पण प्रश्न विचारलास, हे एक बरं केलंस. चार वर्षांत पहिल्यांदा विचारलंस. म्हणून सांगते.

मला तिथे काहीही दिसत नाही.

दुभाष्याला सगळं जमतं. पाणी जमतं, सावल्या जमतात, पावसाचे थेंबसुद्धा. फक्त या एका गेमचं धुकं त्याला माझ्या जुन्या मशीनवर जमत नाही. तुम्हाला विरळ धुकं दिसतं, त्यात खडकांच्या कडा दिसतात. माझ्या पडद्यावर घशात शिरल्याबरोबर नुसतं पांढरं होतं. ओल्या प्लास्टरने पडदा लिंपल्यासारखं. खडक नाही, पाणी नाही, आपल्या होडीचं नाकही नाही. वेग कमी करून काय करू? बघायला काही असेल तर माणूस दमाने बघेल.

मग जाते कशी? कानाने. घशात डावीकडे पाणी खडकावर आपटतं, त्याचा आवाज तुटक आहे, थाप थाप असा. उजवीकडे कपारीत झरा पडतो, तो सलग. दोन्ही सारखे ऐकू आले की आपण मधोमध. झरा एकदम बंद झाला की वळण आलं, सुकाणू डावीकडे पूर्ण. पुन्हा थाप मोठी झाली की सोड. हे कुणी शिकवलं नाही. सरावाच्या जुन्या नदीवरही हाच घसा आहे, तिथे मी इतक्या वेळा आपटले आहे की त्या खडकाला माझी ओळख झाली असेल. तुम्ही तिघं तिथे बोलायला लागलात की मी का ओरडायचे, "गप्प बसा रे!", ते आता कळलं का? टेहळ्याला वाटायचं माझा स्वभावच खवट आहे. स्वभाव खवट आहेच, पण कारण ते नव्हतं.

तुमच्यापासून लपवलं का? हो, लपवलं. आणि परत वेळ आली तर परत लपवीन. संघात आले त्या दिवशी इंजिनवाला काय म्हणाला होता? "फुकटच्या सॉफ्टवेअरवाल्यांना घेतलं तर बुडू आपण." तू हसला होतास. धुक्याचं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मला 'चांगलं मशीन घे नाहीतर जा' म्हणाला असता. मला सुकाणू हवं होतं. ते मी आंधळेपणाने चालवलं आणि तुम्हाला जिंकवून दिलं. यात शरम वाटण्यासारखं मला काही दिसत नाही.

आता तू म्हणशील, पडद्याचं चित्रण पाठव. नाही पाठवणार. पाठवलं तर म्हणशील, बनवलेलं आहे. पांढरा पडदा काय, कुणीही बनवेल. आणि खरं सांगू? मला पुराव्याने सुटायचंच नाहीये. सगळ्या जगाने पुरावा मागावा, माझ्या भावाने मागू नये.

फारच खाज असेल तर लिनक्स टाक, दुभाष्या बसव, मशीन आपलं दोघांचं एकाच जातीचं आहे, तुझंही म्हातारंच आहे. शिर घशात. बघ तुला काय दिसतं.

ताई

११ मार्च

टिल्लू,

तुझ्या 'मित्राची' अडचण कळली. काय रे हा तुझा मित्र! नाव नाही, गाव नाही, आणि नेमका आपलाच गेम लिनक्सवर चालवतोय. मला हसू आवरेना, बाबा विचारायला आले काय झालं म्हणून.

तर तुझ्या मित्राला सांग:

बाबा रे, दुभाष्या गेमला खोटी विंडोज दाखवतो. तिच्यात एक सी नावाचं कपाट असतं, ते खोटं घर. आणि एक झेड नावाचं असतं, ते मात्र खोटं नसतं. ती तुझ्या संपूर्ण खऱ्या मशीनकडे उघडणारी खिडकी असते. तुझ्या मित्राने झेड उघडलं, त्याला आपलेच फोटो, आपलीच गाणी दिसली, आणि "अरेच्चा, हे सगळं डबल झालंय, उगाच जागा खातंय" म्हणून त्याने एकेक पुसायला घेतलं. डबल नव्हतं रे राजा. ते एकुलतं एक होतं. कप्पाळ!

विंडोजवाल्याशिवाय ही चूक कुणी करूच शकत नाही. आयुष्यभर स्वच्छता करणारा माणूस नव्या घरात जातो आणि खिडकीबाहेरचा रस्ता झाडून टाकतो. जे गेलं ते गेलं, परत यायचं नाही. काय काय गेलं विचार त्याला. 'पुरावा' नावाचं काही होतं का त्यात?

होतं ना? वाटलंच.

आता पुढचं. पडदा काळा येतोय म्हणतोस, म्हणजे मित्र म्हणतोय, तर दुभाष्याची आवृत्ती नवी आहे. या गेमला जुनी लागते, सोबत चिठ्ठीवर लिहून दिली आहे. आवाज उशिरा येत असेल तर तेवढं मात्र आधी नीट कर, बाकी सगळं नंतर. का, ते तुला माहीत आहे. आणि त्याला म्हणावं, फक्त सरावाच्या नदीवर खेळ, तिथे राखणदार नसतो. शर्यतीत या मशीनने शिरलास तर माझ्यासारखाच उचलून फेकतील. अंतिम शर्यत तोंडावर आली आहे आणि सुकाणूवर आता तूच आहेस म्हणे. वेडेपणा करू नको म्हणावं.

तुझ्या मित्राची ताई

२५ मार्च

टिल्लू,

आपण सांगतो काय आणि हा गाढव करतो काय.

रविवारी दुपारी बाबा म्हणाले, लाव बघू ती शर्यत. मी म्हटलं, मला नाही बघायची. ते म्हणाले, "मला बघायची आहे, मला लावता येत नाही." म्हणून लावली, त्यांच्या फोनवर, आणि मी आपली लांब बसले दाताचं मासिक घेऊन. मासिक उलटं होतं हे बाबांनी नंतर सांगितलं.

सुरुवातीला तू बरा चालवत होतास. बरा म्हणजे बराच. दुसऱ्या वळणावर सुकाणू जरा लवकर सोडतोस, ती तुझी जुनी सवय. मग घसा आला. प्रेक्षकांना तर ते विरळ धुकंच दिसतं, त्यामुळे आम्हाला सगळं स्वच्छ दिसत होतं. पुढच्या होडीने वेग कमी केला. तिच्या मागच्या होडीने केला.

तू केला नाहीस.

माझ्या हातातलं मासिक पडलं. फोन हिसकावून घेतला बाबांच्या हातून. टिल्लू, तुझ्यासारखा भित्रा सुकाणी जगात दुसरा नाही. तू कोरड्या रस्त्यावर सायकलचा ब्रेक दाबून चालवणारा मुलगा. तू घशात वेग कमी केला नाहीस, याचा अर्थ एकच होता. तुला काही दिसत नव्हतं. तू लिनक्सवरून उतरला होतास, अंतिम शर्यतीत, कप्तान असून, माझ्या जागेवर बसून.

मी बाबांना म्हटलं, "त्याला दिसत नाहीये."

बाबा म्हणाले, "कसं? समोर तर आहे सगळं."

"आपल्याला आहे. त्याला नाहीये."

आणि मग मी ओरडायला लागले. तुला ऐकू जाणार नव्हतं तरी ओरडत होते. थाप ऐक, झरा ऐक, बंद झाला की डावीकडे, डावीकडे रे टिल्ल्या! आणि तू डावीकडे घेतलंस. थोडं उशिरा घेतलंस, होडीचा मागचा भाग खडकाला घासला, पण तू घशातून बाहेर पडलास. सगळ्यांच्या पुढे. मी रडत होते हे मी मान्य करणार नाही, बाबा मात्र तसं सांगत फिरतील.

नदीचं मोकळं पात्र समोर, शेवटची रेघ दिसायला लागलेली, आणि तेव्हाच होडी थांबली. 'अनधिकृत सॉफ्टवेअर आढळले.' इंजिनवाल्याने तुला जे जे लिहिलं ते मी बाबांना वाचून दाखवलं नाही. टेहळ्या तर नुसता प्रश्नचिन्हं टाकत सुटला. आणि तू बाहेर फेकला जायच्या आत सगळ्यांसमोर, त्याच ठिकाणी, लिहिलंस: "ताईने फसवलं नव्हतं. तिला इथे काहीच दिसत नाही. मी आत्ता तिच्या डोळ्यांनी चालवली. लबाड म्हणालो, ते मी परत घेतो."

टाळ्या नव्हत्या या वेळी. शिव्या होत्या. त्यातही कुणा एकाने खाली लिहिलं, "माझ्याही लिनक्सवर धुकं पांढरंच दिसतं." मग दुसऱ्याने. मग अजून कुणीतरी. मला वाटत होतं, जगात हे आंधळेपण फक्त माझ्याच वाट्याला आलंय.

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नोकरीत असताना एक बाई होती. तिकीट होतं तिच्याकडे, पण आतल्या खिशात गेलेलं. मी दंड घेतल्यावर सापडलं तिला." मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत. म्हणाले, "गाडी सुटली होती." आणि उठून माझ्यासाठी चहा टाकला. साखर दोनदा घातली. मी तसाच प्यायले.

काल कंपनीने तुलाही माफीची खिडकी दाखवली असेलच. टिचकी मारलीस तर तंगडं मोडीन. आपण दोघांनी काहीही केलेलं नाही, आणि जे केलं नाही त्याची माफी या घरात कुणी मागणार नाही. बाबासुद्धा आता असंच म्हणतात, माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणतात. खातं बंद करतात तर करू देत. चषक दुसऱ्यांनी नेला, नेऊ देत. सरावाच्या जुन्या नदीला कुणाची परवानगी लागत नाही, तिथे राखणदार नाही, आणि ज्यांना ज्यांना पांढरं दिसतं त्या सगळ्यांना मी तिथे बोलावलं आहे. बरेच जण यायचं म्हणतात. बघू तरी, आंधळ्यांची शर्यत कशी होते ती.

आणि तू येत्या रविवारी मशीन उचल आणि घरी ये. तुझी खुर्ची माझ्या मशीनशेजारी तिथेच आहे, फक्त तिच्यावर सध्या कुणाची तरी कवळी वाळतेय, ती बाजूला करीन. सुकाणूला मात्र हात लावायचा नाही, ते माझं आहे. तू पुढे टेहळणीला बस. दिसणार काहीच नाही, पण शेजारी कुणीतरी हवं.

प्रिय टिल्लूला,
ताईकडून